वाट गावाची, वाटेचे पीक कोणाचे?

(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीला कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेल्या शेतकरी कुटुंबांपुढे केलेले भाषण)



तुमच्यातले पुष्कळ जण काल महाराष्ट्र एक्स्प्रेसने उतरले. कोणी वर्ध्याला बसले, कोणी अकोल्याला, कोणी जळगावला. सोलापूर-धाराशिवकडचे लोक एस.टी.ने आले. बसून बसून अंग आंबले आहे. बैठकीचे कामकाज आज संध्याकाळी संपेल. परतीची गाडी परवाची आहे. मधला एक दिवस मोकळा आहे. त्या दिवशी काय करावे यावर चार शब्द बोला, असे कार्यकर्त्यांनी मला सांगितले. अंबाबाईचे दर्शन घ्या, चपला घ्या, गुळाची ढेप घ्या, हे सांगायला भाषण लागत नाही. मी दुसरेच सांगणार आहे. पोराबाळांना घेऊन डोंगरात चालायला जा.

सकाळी चहाच्या वेळी मी हे बोललो तर यवतमाळकडच्या एक ताई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, आम्ही तं जनमभर चालूनच राह्यलो. आता मजा म्हून चालाचं?"

ताईंचे बरोबर आहे. घरापासून वावर दोन किलोमीटर. डोक्यावर भाकरीचे टोपले, काखेत पोर. दिवसभर कापूस वेचायचा, म्हणजे वाकून चालायचे. संध्याकाळी सरपणाची मोळी घेऊन परत. पाणी लांब असले तर दोन खेपा त्याच्या. या बाईला कोणी म्हटले की चला, डोंगरात फिरून येऊ, तर तिला ती थट्टा वाटणारच. शहरातला माणूस पोट कमी करायला चालतो. आमचा माणूस पोट भरायला चालतो.

पण मी ताईंना एक प्रश्न विचारला, तोच तुम्हालाही विचारतो. रिकाम्या हाताने, डोक्यावर काही नसताना, आपल्या लेकरांच्या बरोबर तुम्ही शेवटचे कधी चाललात? त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "वारीले गेलो होतो तवा."

म्हणजे आनंदाने चालणे शेतकऱ्याला ठाऊक आहे. फक्त त्यासाठी त्याला देवाची परवानगी लागते. देवाच्या नावाने चालले तर कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. एक दिवस देवाचे नाव न घेताही चालून बघा, एवढेच माझे म्हणणे.

पाणी येते कुठून?

तुम्हाला वाटते, कोल्हापूर म्हणजे उसाचा जिल्हा, इथल्या शेतकऱ्यावर देवाची कृपा. अर्धे खरे आहे. या जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावडा आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला शिरोळ आहे. तिथे पाचशेच्या आसपास. म्हणजे सोलापूरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येतो जवळजवळ तेवढाच. एकाच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरच्या अंतरात, दहापट फरक. ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीच्या धारेला अडतात, तिथेच रिकामे होतात. पुढे जी वाफ उरते तिच्यावर तुमची ज्वारी आणि कपाशी.

मग शिरोळला ऊस कसा दिसतो? डोंगरावर पडलेले पाणी अडवले म्हणून. शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास भोगावती नदीवर धरणाचे काम हाती घेतले. मुलीच्या नावाने राधानगरी हे गाव वसवले आणि तलावाला राणीचे, लक्ष्मीबाईंचे नाव दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैसा कमी पडला, काम थांबले. महाराज गेले आणि धरण पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडले. आज त्यात सुमारे ८.३६ टीएमसी पाणी राहते. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीच्या वर गेले की आपोआप उघडतात, उतरले की मिटतात. माणसाने हात लावायचा नाही.

हे मी का सांगतो? आमच्या पोरांना शाळेत शिकवतात की पाणी ढगातून येते. शहरातल्या पोरांना वाटते ते नळातून येते. दोघांनाही एकदा डोंगरावर नेऊन दाखवले पाहिजे की पाणी जंगलातून येते, आणि त्या जंगलात, त्या धरणाच्या काठाला माणसे राहतात. कोणाच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, कोणाच्या अभयारण्यात. पाणी खाली आले, माणसे वर राहिली.

लेकराबाळांना झेपतील अशा वाटा

आता कामाचे बोलू. कुठे जायचे ते सांगतो.

ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसे आणि अगदी लहान पोरे आहेत त्यांनी पन्हाळ्याला जावे. कोल्हापूरपासून वीस किलोमीटर, एस.टी. थेट गडावर जाते. तटाचा घेर सात किलोमीटरच्या वर आहे, तो सगळा चालायची गरज नाही. तीन दरवाजा आणि त्याच्या जवळची अंधारबाव बघा, सज्जाकोठीवरून खालचा मुलूख बघा आणि मग अंबरखान्यात जा. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिथे धान्याची तीन कोठारे आहेत. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. तिथे सावलीत बसा आणि पोरांना विचारा, एवढे धान्य कोणाच्या खळ्यावरून आले असेल? इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न नसतो. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे बारा किल्ले निवडले, त्यात पन्हाळा आहे. आता जगभरची माणसे बघायला येतील. आपण का नको?

ज्यांची पोरे दहा-बारा वर्षांची आहेत त्यांनी पन्हाळ्याहून म्हाळुंग्यावरून मसाई पठारावर चढावे. १६६० च्या जुलैत, भर पावसाच्या रात्री, सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले ते याच बाजूने. पुढे खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरपाणी करत वाट पावनखिंडीला जाते. ती सगळी वाट पन्नास किलोमीटरच्या आसपास, दोन दिवसांची. दरवर्षी जुलैमध्ये हजारो तरुण ती चालतात. लेकरांना घेऊन ती करू नका. मसाई पठारापर्यंत जा आणि परत या. पठार म्हणजे जांभ्या दगडाचा मोठा सडा. पावसाच्या अखेरीला त्यावर रानफुलांचा गालिचा असतो, एरवी गुरे चरतात. वर झाड नाही. ऊन तुम्हाला नवे नाही, पण टोपी-फडके आणि पाणी बरोबर ठेवा.

ज्यांना देवाच्या परवानगीशिवाय चालवतच नाही त्यांनी जोतिबाला गायमुखाच्या बाजूने पायी चढावे. चैत्र पौर्णिमेला गुलालाने लाल झालेला डोंगर तुमच्यातल्या काहींनी पाहिलाही असेल.

आणि ज्यांना रान बघायचे आहे त्यांनी राधानगरी-दाजीपूर. राधानगरी पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तिथून फोंडा घाटाच्या रस्त्याने पुढे दाजीपूर. १९५८ साली गव्यांसाठी हे अभयारण्य झाले, १९८५ साली ते वाढवून साडेतीनशे चौरस किलोमीटरचे केले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले त्यातही ते आहे. धरणाच्या काठाने पोरांना मोकळे फिरू द्या. पण जंगलाच्या आत वनखात्याची परवानगी काढून आणि वाटाड्या घेऊनच जा. पावसाळ्यात आतला रस्ता बंद ठेवतात, आणि उघडा असता तरी जळवांनी पोरे हैराण झाली असती.

गवा दिसला तर जवळ जायचे नाही. ओरडायचे नाही, दगड मारायचा नाही, फोटोसाठी पुढे सरकायचे नाही. गाय आणि वासरू यांच्या मधे कधी उभे राहायचे नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरायचे. ज्याने मारका बैल सांभाळला आहे त्याला हे जास्त सांगायला नको.

कधी जावे? ज्वारीची काढणी झाली, कपाशीची शेवटची वेचणी झाली, तुम्ही फाल्गुन-चैत्रात मोकळे होता. त्या वेळी तुमच्या रानात सावली शोधून सापडत नाही. इथे चैत्र-वैशाखात जाळीला करवंदे पिकतात, जांभळे पडतात. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या आधी, राधानगरीच्या रानात झाडेच्या झाडे काजव्यांनी पेटल्यासारखी दिसतात. पोरांना ते एकदा दाखवा. जन्मभर विसरणार नाहीत.

म्हातारीची भाकरी

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी मी घरच्या मंडळींना घेऊन दाजीपूरच्या बाजूला गेलो होतो. दिवाळी होऊन गेली होती. मोठी माणसे चार आणि पोरे दोन. वाट चुकलो नाही, पण वेळ चुकली. अंधार पडायला आला तेव्हा एका वाडीत पोचलो. पाच-सहा घरे. पहिल्या घरातल्या म्हातारीने काही न विचारता पाणी दिले. मग म्हणाली, पोरं भुकेली दिसत्यात. सुनेने चूल पेटवली. नाचणीच्या भाकरी, पावट्याची आमटी, ताक, लसणाची चटणी. पोरांना दूधभात. पडवीत घोंगड्या अंथरल्या. असे जेवण आणि अशी झोप मला पुन्हा मिळाली नाही.

सकाळी निघताना मी खिशात हात घातला. म्हातारी रागावली. म्हणाली, "पावण्याकडनं भाकरीचं पैसं घ्याचं? मग आमच्यात आन् खानावळीत फरक काय ऱ्हायला, दादा?"

मी ओशाळून हात बाहेर काढला. पण वाट चालताना मला सवय आहे तसा मनात हिशेब सुरू झाला. उत्पादन खर्चाचा हिशेब. सहा जणांना नाचणीचे पीठ किती लागले? पावटा, तांदूळ, दूध, ताक? सरपण? ते सुनेने डोक्यावरून आणलेले. पाणी? तेही तिनेच. सासू आणि सून मिळून सहा-सात तास राबल्या. या सगळ्याची किंमत म्हातारीने शून्य धरली. स्वतःच्या मजुरीची किंमत तर तिने जन्मात कधी धरली नव्हती.

भावांनो, ही गोष्ट आपल्या ओळखीची नाही का? आपण कापसाचा खर्च काढतो तेव्हा बियाणे धरतो, खत धरतो, फवारणी धरतो. घरच्या बाईची मजुरी धरत नाही, रात्री रान राखणाऱ्या पोराची धरत नाही. न धरलेल्या मजुरीवर कापूस स्वस्त होतो. तशीच न धरलेल्या मजुरीवर भाकरी फुकट होते. आपण कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलो. भाकरीच्या भावाचा विषय मात्र आपल्या मायबहिणींनी काढला तर आपणच म्हणतो, छे, पाहुण्याकडून पैसे घ्यायचे?

त्याच वाटेवर मला शहरातली चाळीस-पन्नास माणसांची टोळी भेटली. एका संयोजकाने आणली होती. समजा, माणशी दीड हजार रुपये घेतले असतील. चाळीस माणसांचे साठ हजार झाले. गाडीचे भाडे गेले, जेवणाचा डबा शहरातून आला. वाडीला काय मिळाले? पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. संयोजक वाईट माणूस होता असे मी म्हणत नाही. त्याने धंदा केला. आपण केला नाही. वाट गावकऱ्यांच्या पायांनी पडली, पीक दुसऱ्याने नेले.

पाहुणा आणि गिऱ्हाईक

आता कोणी म्हणेल, तुम्ही आतिथ्य बाजारात मांडायला निघालात. संस्कृती बुडेल.

मी एक साधी कसोटी सांगतो. ज्याच्या घरी आपण उद्या पोराबाळांसकट जेवायला जाऊ शकतो तो पाहुणा. त्याच्याकडून पैसे घेतले तर पाप. जो आपला पत्ताही सांगत नाही, तो गिऱ्हाईक. त्याला चांगली भाकरी द्यावी, स्वच्छ अंथरूण द्यावे आणि रास्त दाम घ्यावे. यात संस्कृती बुडत नाही. उलट गिऱ्हाइकाला पाहुणा समजत राहिलो तर घर बुडते, आणि मग खऱ्या पाहुण्यालाही वाढायला काही उरत नाही.

दुसरीकडच्या लोकांनी हे कसे केले ते ऐका. नेपाळमध्ये अन्नपूर्णा शिखरांच्या भोवती १९८६ साली संरक्षित क्षेत्राची योजना सुरू झाली. तिथे गावकऱ्यांना हुसकून लावले नाही. डोंगर चालायला येणाऱ्यांकडून प्रवेश फी घेतात आणि ती त्या भागाच्या कामाला लावतात. मुक्कामाच्या जागा गावकऱ्यांच्या घरांतच आहेत आणि जेवणाखाणाचे दर त्यांच्या समित्या बसून ठरवतात. एकाने दुसऱ्याचा भाव पाडायचा नाही. इटलीने १९८५ साली कायदा केला की शेतावर पाहुणे ठेवण्याचा धंदा शेतकऱ्यानेच करायचा आणि शेती मुख्य राहिली पाहिजे. पैसेवाल्याने शेत विकत घेऊन हॉटेल बांधावे आणि त्याला शेत म्हणावे, हे तिथे चालत नाही.

लांब कशाला, याच जिल्ह्यात भुदरगड तालुक्यात पाटगाव आहे. जंगलाच्या कुशीतले गाव. रानातल्या मधावर त्या गावाने नाव कमावले, मधाचे गाव म्हणून ते ओळखले जाते. २०२३ साली केंद्र सरकारच्या उत्कृष्ट पर्यटन गावांच्या स्पर्धेत त्याला कांस्य मिळाले. मध तोच, जंगल तेच. फरक एवढाच की आता गिऱ्हाईक गावात चालत येते.

गवा कोणाचा?

म्हातारीची गोष्ट मी पुरी सांगितली नाही. त्या रात्री दोन-अडीचच्या सुमाराला डबा बडवल्याचा आवाज आला. घरचा मुलगा बॅटरी घेऊन पळाला. सकाळी बघितले तर घरामागच्या अर्ध्या एकरातल्या उसाचा एक कोपरा लोळवलेला होता. गवे येऊन गेले होते. आदल्या दिवशी आम्ही पोरांना गवा दाखवायला म्हणून जंगलात गेलो होतो, पैसे भरून. दिसला नाही. आणि आम्ही झोपलो होतो तिथून दोनशे पावलांवर तो फुकटात ऊस खात होता.

आमच्या धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, गवा बघायचे पैसे आपण दिले, मग उसाचे पैसे आजीला का नाही मिळत?"

मी तिला सांगितले, सरकार नुकसानभरपाई देते. म्हातारीच्या मुलाने ते ऐकले आणि नुसता हसला. अर्ज, पंचनामा, सातबारा, फोटो, मग खेटे. अर्ध्या एकराच्या कोपऱ्यासाठी चार दिवसांची मजुरी बुडवायची का, हा त्याचा हिशेब.

तुमच्याकडे गवा नसेल. रोही आहे, रानडुकरे आहेत, हरणांचे कळप आहेत. पांढरकवड्याकडच्या कापूसवाल्याला वाघाची दहशत कोणी समजावून सांगायची गरज नाही. जंगल राखले पाहिजे यात मला शंका नाही. ते राहिले नाही तर धरणात पाणी राहणार नाही, हे मी आत्ताच सांगितले. पण राखण्याचा खर्च कोणी सोसायचा? ज्याला जनावर बघून आनंद होतो तो शहरात राहतो, ज्याचे पीक जाते तो वाडीत राहतो. बघणाऱ्याच्या पैशातला वाजवी हिस्सा राखणाऱ्याच्या घरात गेला, तर त्याच मुलाला गवा आपला वाटेल. नाही गेला, तर तो डबा वाजवत राहील, आणि एक दिवस डब्याऐवजी दुसरे काही हातात घेईल. तेव्हा त्याला गुन्हेगार म्हणायला आपण सगळे मोकळे.

पायवाट म्हणजे पाणंदच

वाटेची किंमत तुम्हाला माहीत आहे. गावागावांत पाणंदीवरून डोकी फुटली आहेत. शेजाऱ्याने बांध कोरला, शिवरस्ता नांगरला, की माल घरी आणायचा कसा? १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचे कलम ५ आणि जमीन महसूल कायद्याचे कलम १४३ वकिलापेक्षा तुम्हाला जास्त पाठ असेल. डोंगरातली पायवाट म्हणजे दुसरे काही नाही, तीही पाणंदच. गुरे नेण्याची, बाजाराला जाण्याची, लेक सासरी पोचवण्याची. फरक इतकाच की आता तिच्यावर पैसा चालत येऊ लागला आहे.

पैसा आला की मागोमाग जमिनीचा दलाल येतो. डोंगरातल्या शेतकऱ्याला एकरकमी मोठा आकडा सांगतो. तो कर्जात असतो, विकतो. दोन वर्षांनी तिथे कुंपण पडते, पाटी लागते, आणि ज्याची जमीन होती तो फाटकावर रखवालदार म्हणून उभा राहतो. जुनी वाटही कुंपणात जाते. म्हणून मी डोंगरातल्या भावांना सांगतो, जमीन विकू नका, मुक्काम विका. भाकरी विका, वाटाड्याची मजुरी घ्या. जमीन एकदाच विकता येते, भाकरी रोज.

एक इशाराही देतो. पिकाला भाव मिळत नाही म्हणून आता पाहुणे ठेवा, असे कोणी तुम्हाला सांगू लागला तर सावध राहा. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. चांगली गोष्ट आहे. पण सगळ्या महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांनी पाहुणे ठेवले तर पाहुणे येणार कुठून? हा जोडधंदा आहे, भावाला पर्याय नाही. कापसाचा भाव मागायचा तो मागायचाच.

घरी गेल्यावर

तर मग उद्या काय करायचे?

एक. जोडीने जा. फक्त पुरुषांनी जायचे आणि बायकांनी मुक्कामाच्या ठिकाणी डबे घासायचे, असे चालणार नाही. डबा बांधायचाच नाही. वाडीत जेवा आणि जेवणाचे पैसे द्या. म्हातारी नाही म्हणाली तर सुनेच्या हातात द्या, आणि मी सांगितलेला मजुरीचा हिशेब तिला समजावून सांगा. आपण शेतकरी असून शेतकऱ्याच्या घामाचे दाम बुडवले तर व्यापाऱ्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

दोन. कचरा खिशात घालून परत आणा. गुटख्याची पुडीसुद्धा.

तीन. घरी गेल्यावर आपल्या शिवाराकडे एकदा परक्याच्या डोळ्यांनी बघा. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना जंगल ना तळे, काळी माती आणि ऊन. अहो, मार्गशीर्ष-पौषात शहरातली माणसे गाड्या करून हुरडा खायला जातात, माणशी पैसे मोजून. तो हुरडा ज्वारीचाच असतो ना? गुळभेंडीचे कणीस तुमच्याच रानात येते. आगटी तुम्हाला पेटवता येते, चटणी घरात वाटलेली असते. गावाशेजारी टेकडी असेल, पाझर तलाव असेल, पडकी गढी असेल. पोरांना तासभर चालवून आणायला तेवढे पुरते. तेच कणीस वाळवून बाजार समितीत नेले तर भाव दुसरा ठरवतो. आगटीवर भाजले तर तुम्ही ठरवता. शंभरातल्या पाच घरांना जमेल, सगळ्यांना नाही. पण दर मात्र पाचही घरांनी एकत्र बसून ठरवा, आणि त्यात घरच्या बाईची मजुरी पहिली धरा.

परवा गाडीत बसाल तेव्हा हात रिकामे नसतील, गुळाची ढेप असेल, चपला असतील. पण एक दिवस तरी रिकाम्या हाताने लेकरांबरोबर चालला असाल. पोरे विचारतील, पुन्हा कधी जायचे? त्यांना सांगा, कापसाला भाव मिळाला की दरवर्षी. आणि मग त्या भावासाठी जेव्हा रस्त्यावर बसायची वेळ येईल, तेव्हा त्यांनाही समजेल की आपला बाप आणि आपली आई कशासाठी बसली आहेत.

एवढे बोलून थांबतो. उद्या पहाटे लवकर उठा, ऊन चढायच्या आत डोंगर चढलेला बरा.